विश्लेषण : रोजचे खाते कुठे उघडावे – बँकेत, सहकारी बँकेत की पतसंस्थेत?

राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत एक फेरी मारली तर चार-पाच आर्थिक संस्थांच्या पाट्या सहज दिसतात. एखादी राष्ट्रीयीकृत बँक, एक जिल्हा मध्यवर्ती बँक, एक-दोन नागरी सहकारी बँका आणि त्यांच्या आजूबाजूला पतसंस्था. काउंटर सारखे, पासबुक सारखे, भिंतीवरचे व्याजदराचे फलकही सारखेच. त्यामुळे 'पैसे ठेवायला सगळे एकच' असा अनेकांचा समज होतो. ज्याचा फलक जास्त व्याज दाखवतो, ज्याचा कर्मचारी दुकानात येऊन पैसे घेऊन जातो किंवा ज्याचे संचालक ओळखीचे असतात, तिथे खाते उघडले जाते.

संस्था अडचणीत आली की या सारख्या दिसणाऱ्या काउंटरमधला फरक कळतो. काही ठिकाणी तीन महिन्यांत पाच लाखांपर्यंतची रक्कम परत मिळते. काही ठिकाणी ठेवीदारांना मोर्चे, पोलीस ठाणे आणि अवसायक यांच्यामध्ये वर्षानुवर्षे फिरावे लागते. पगार, पेन्शन, दुकानाचा गल्ला, मुलांची फी आणि कर्जाचा हप्ता ज्या खात्यातून जातो, ते खाते कुठे असावे याचा निर्णय म्हणूनच व्याजाच्या फलकाकडे पाहून घेता येत नाही.

पाट्या सारख्या, मग फरक काय?

नागरी सहकारी बँक ही आधी सहकारी संस्था आहे आणि मग बँक. नोंदणी, निवडणूक, सभासदत्व या गोष्टी सहकार कायद्याखाली येतात. बँकिंगचा व्यवसाय मात्र रिझर्व्ह बँकेच्या परवान्यावर चालतो. १९६६मध्ये बँकिंग नियमन कायदा सहकारी बँकांना लागू झाला आणि तेव्हापासून सहकार खाते व रिझर्व्ह बँक असा दुहेरी कारभार सुरू झाला. २०२०मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली आणि सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर, संचालक मंडळावर कारवाई करण्याचे रिझर्व्ह बँकेचे अधिकार वाढले.

पतसंस्था हा वेगळा प्रकार आहे. सभासदांनी एकत्र येऊन बचत करायची आणि त्याच पैशातून सभासदांना कर्ज द्यायचे, ही तिची मूळ कल्पना. राज्यात नोंदलेली पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली येते आणि तिच्यावर सहकार खात्याचे, म्हणजे निबंधकांचे नियंत्रण असते. 'मल्टिस्टेट' पतसंस्थांची नोंदणी २००२च्या बहुराज्यीय सहकारी संस्था कायद्याखाली केंद्रीय निबंधकांकडे होते. दोन्हींपैकी कोणाकडेही रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो.

परवाना नसलेल्या सहकारी संस्थेला नावात 'बँक' हा शब्द वापरता येत नाही. सभासद नसलेल्यांकडून ठेवी घेणे हाही बँकिंगचाच व्यवसाय ठरतो. नोव्हेंबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर सूचना काढून हे सांगितले होते. काही संस्था नावात 'बँक' लावतात आणि नाममात्र सभासद करून लोकांच्या ठेवी घेतात, अशा संस्थांच्या ठेवींना विमा नाही, असा इशारा त्या सूचनेत होता.

अमेरिकेतली 'क्रेडिट युनियन' आणि आपली पतसंस्था एकच का?

मोबाइलवर वैयक्तिक अर्थनियोजनाचे व्हिडीओ पाहणाऱ्यांच्या कानावर 'क्रेडिट युनियन' हा शब्द वारंवार पडतो. मोठ्या बँकेपेक्षा क्रेडिट युनियन बरी, शुल्क कमी, कर्ज स्वस्त, माणसे आपली, असा सल्ला त्यात असतो. अमेरिकेत स्थायिक झालेले नातेवाईकही हेच सांगतात. तिथल्या परिस्थितीत हा सल्ला चुकीचा नाही.

पण तो इथे जसाच्या तसा लागू करता येत नाही. अमेरिकेत बँकेतल्या ठेवींना सरकारी यंत्रणेचे २ लाख ५० हजार डॉलरपर्यंत संरक्षण आहे आणि केंद्रीय विमा असलेल्या क्रेडिट युनियनमधल्या ठेवींनाही वेगळ्या यंत्रणेमार्फत तेवढेच संरक्षण मिळते. त्यामुळे तिथल्या ग्राहकाला शुल्क, व्याज आणि सेवा एवढ्याच गोष्टी तोलाव्या लागतात. आपल्याकडे क्रेडिट युनियनचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे पतसंस्था. सभासद तसेच, एक सभासद एक मत हे तत्त्वही तेच, पण ठेवींवर विम्याचे छत्र नाही. रोजच्या खात्याचा विचार करताना एवढा एक फरक बाकीच्या सगळ्या मुद्द्यांवर भारी पडतो.

ठेव विमा नेमका किती आणि कोणाला?

रिझर्व्ह बँकेची उपकंपनी असलेले ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, बँकांतील ठेवींचा विमा उतरवते. सरकारी, खासगी, स्मॉल फायनान्स, पेमेंट्स, जिल्हा मध्यवर्ती आणि नागरी सहकारी अशा सर्व बँका त्यात येतात. हप्ता बँक भरते, ठेवीदाराकडून तो घेतला जात नाही. १९९३पासून ही मर्यादा एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० रोजी ती पाच लाख रुपये झाली.

या पाच लाखांबद्दल तीन गैरसमज सर्रास आढळतात. पहिला म्हणजे मर्यादा प्रत्येक खात्याला आहे. प्रत्यक्षात ती एका बँकेतल्या एका ठेवीदाराला आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत चार खाती असली तरी सगळ्यांची बेरीज धरली जाते. पती-पत्नीचे संयुक्त खाते आणि पतीचे एकट्याचे खाते मात्र वेगळे मोजले जाते. दुसरा गैरसमज म्हणजे पाच लाख फक्त मुद्दलाला. तसे नाही. मुद्दल ४ लाख ९० हजार आणि जमा व्याज ३० हजार असेल, तर एकूण ५ लाख २० हजारांपैकी पाचच लाखांना संरक्षण मिळते. तिसरा गैरसमज सहकारी बँकेच्या कर्जदारांमध्ये असतो. कर्ज घेताना बँकेचे शेअर घ्यावे लागतात. ते भांडवल असते, ठेव नव्हे, त्यामुळे विम्यात येत नाही.

यात पतसंस्था कुठेच नाही. राज्यातली असो वा मल्टिस्टेट, पतसंस्थेतल्या ठेवीला डीआयसीजीसीचा एक रुपयाचाही विमा नाही. काउंटरवर 'ठेवी सुरक्षित' असे कितीही मोठ्या अक्षरात लिहिलेले असले तरी हे बदलत नाही.

मग सहकारी बँकेत काळजीचे कारणच नाही का?

आहे, आणि ते महाराष्ट्राइतके दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. देशातल्या जवळपास दीड हजार नागरी सहकारी बँकांपैकी सर्वाधिक आपल्याच राज्यात आहेत. १९०६मध्ये पुण्यात सुरू झालेली कॉसमॉस, १९१८मध्ये मुंबईत सुरू झालेली सारस्वत अशी शंभरी ओलांडलेली नावे याच मातीतली. बुडालेल्या आणि अडकलेल्या बँकांची यादीही इथलीच मोठी.

२३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर, म्हणजे पीएमसीवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत जून २०२०मध्ये एक लाखावर गेली. बँकेच्या कर्जांचा मोठा हिस्सा एकाच बांधकाम समूहाकडे गेला होता आणि तो हजारो बनावट खात्यांआड लपवला होता, असे तपासात समोर आले. जानेवारी २०२२मध्ये ही बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. विमा मर्यादेपेक्षा मोठ्या ठेवी असलेल्यांना उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंत टप्प्याटप्प्याने मिळण्याची योजना स्वीकारावी लागली. पुण्याच्या रुपी बँकेवर २०१३मध्ये निर्बंध आले आणि २०२२मध्ये परवाना रद्द होईपर्यंत ठेवीदार वाट पाहत राहिले.

२०२१मध्ये डीआयसीजीसी कायद्यात दुरुस्ती झाली आणि चित्र बरेच बदलले. आता बँकेवर पैसे काढण्याचे निर्बंध आले की ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद आहे. ४५ दिवसांत बँकेने ठेवीदारांची यादी द्यायची, ३० दिवसांत महामंडळाने ती तपासायची आणि पुढच्या १५ दिवसांत पैसे द्यायचे. विलीनीकरणाचा प्रयत्न सुरू असेल तर ही मुदत लांबू शकते. परवाना रद्द होऊन अवसायक नेमला जाईपर्यंत थांबण्याची वेळ आता येत नाही.

१३ फेब्रुवारी २०२५ रोजी मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले, त्या वेळी बँकेच्या तिजोरीतून १२२ कोटी रुपयांचा अपहार झाल्याचा आरोप होता. सुरुवातीला खातेदारांना एक रुपयाही काढता येत नव्हता. दोन आठवड्यांनी, २७ फेब्रुवारीपासून, २५ हजार रुपये काढण्याची सवलत मिळाली आणि निम्म्याहून अधिक ठेवीदारांची पूर्ण रक्कम त्यात मोकळी होईल, असे रिझर्व्ह बँकेने सांगितले. ऑगस्ट २०२५मध्ये ही बँक सारस्वत बँकेत विलीन झाली.

म्हणजे विमा रक्कम वाचवतो, पण वेळ वाचवतोच असे नाही. ज्याचे एकच खाते होते आणि त्यातच पगार जमा होत होता, त्याच्यासाठी ते दोन आठवडेही कठीण होते. खात्यात शिल्लक असूनही हप्ता परत जातो, फी भरता येत नाही, औषधांसाठी उसनवारी करावी लागते. सहकारी बँकेत खाते ठेवणाऱ्यांनी यातून एकच धडा घ्यायला हवा. खाते ठेवा, पण एकमेव खाते ठेवू नका.

रोजच्या खात्याला नेमके काय लागते?

बचत आणि रोजचे व्यवहार या दोन वेगळ्या गरजा आहेत. रोजच्या खात्यात पैसे फार काळ राहत नाहीत, ते येतात आणि जातात. त्यामुळे तिथे व्याजापेक्षा ये-जा किती सुरळीत होते हे महत्त्वाचे.

पगार, भविष्य निर्वाह निधी, प्राप्तिकराचा परतावा, शेतमालाचे किंवा विम्याचे पैसे हे सगळे आयएफएससी कोड असलेल्या बँक खात्यातच येतात. सरकारी योजनांचे पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यात जमा होतात. २०२४मध्ये 'लाडकी बहीण' योजनेचे दीड हजार रुपये मिळवण्यासाठी बँकांबाहेर लागलेल्या रांगा राज्याने पाहिल्या. पतसंस्थेत वर्षानुवर्षे पासबुक असलेल्या अनेकींना तेव्हा नव्याने बँकेत खाते उघडावे लागले, कारण पतसंस्थेचे खाते त्या यंत्रणेत मोडत नाही.

यूपीआयचेही तसेच. भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सगळे क्यूआर कोडवर चालते आणि तो कोड शेवटी बँक खात्याला जोडलेला असतो. काही पतसंस्था एखाद्या बँकेशी करार करून ऑनलाइन पैसे पाठवण्याची सोय देतात, पण ती उसनी सोय असते. करार संपला की सोयही संपू शकते. लोकांकडून मागताक्षणी परत करायच्या ठेवी घेणे आणि त्या धनादेशाने काढू देणे हीच कायद्यातली बँकिंगची व्याख्या आहे. त्यामुळे धनादेशाचे पुस्तक हेही बँकेचे काम.

सहकारी बँकांत या सोयी असतात, पण सगळ्यांकडे सारख्या नसतात. मोठ्या बँकांची ॲप व्यवस्थित चालतात, तर लहान बँकांत काही वेळा मोबाइल बँकिंग फक्त शिल्लक पाहण्यापुरते असते. खाते उघडण्याआधी यूपीआय जोडता येते का, आधार जोडणी होते का, कर्जाचा हप्ता आपोआप वळता होतो का, हे तीन प्रश्न काउंटरवर विचारायलाच हवेत.

तरीही लोक पतसंस्थेकडे का जातात?

कारण पतसंस्था ते काम करते, जे मोठ्या बँका करत नाहीत. रोज संध्याकाळी पिग्मीवाला दुकानात येतो आणि शंभर-दोनशे रुपये घेऊन जातो. ही पद्धत मुळात उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८मध्ये सुरू केली. बँका त्यापासून दूर गेल्या, पतसंस्थांनी ती धरून ठेवली. वडापावच्या गाडीवाल्याला, रिक्षावाल्याला, शिवणकाम करणाऱ्या बाईला पगाराची चिठ्ठी नसते, सिबिल स्कोअरही नसतो. बँकेत त्यांचा अर्ज पहिल्याच खिडकीवर अडतो. पतसंस्थेत सहा महिन्यांची पिग्मी बघून पन्नास हजारांचे कर्ज मिळते. सोने ठेवून तासाभरात पैसे हातात येतात. अर्ज मराठीत भरता येतो आणि समोरच्या माणसाला घर माहीत असते.

खासगी बँकांच्या किमान शिलकीच्या अटी, एसएमएसचे शुल्क, डेबिट कार्डाचे वार्षिक शुल्क आणि शाखेत गेल्यावर विमा पॉलिसी गळ्यात मारण्याचा प्रयत्न यांनी छोटा ग्राहक आधीच वैतागलेला असतो. त्याने पतसंस्थेची वाट धरली तर त्याला अडाणी ठरवणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. तो कर्जासाठी, सोयीसाठी आणि सन्मानाच्या वागणुकीसाठी तिथे जातो. ज्या संस्थेतून कर्ज मिळते, तिथेच सगळी शिल्लक ठेवली जाते आणि धोका तिथून सुरू होतो.

जादा व्याजाचा हिशेब कसा मांडायचा?

समजा एखाद्या कुटुंबाच्या बचत खात्यात वर्षभर सरासरी २० हजार रुपये राहतात. पतसंस्था बँकेपेक्षा एक टक्का जास्त व्याज देत असेल, तर वर्षाला फरक पडतो २०० रुपयांचा. महिन्याला सतरा रुपयेही नाही. एवढ्यासाठी रोजचे खाते विम्याबाहेर नेण्यात अर्थ नाही.

मुदत ठेवीत फरक मोठा दिसतो. तीन लाखांच्या ठेवीवर दोन टक्के जास्त व्याज म्हणजे वर्षाला ६ हजार रुपये. निवृत्त माणसासाठी ही रक्कम छोटी नाही, दोन महिन्यांचे किराणा सामान त्यात येते. पण हे सहा हजार मिळवण्यासाठी तीन लाख रुपये विम्याबाहेर ठेवावे लागतात. ते अडकले, तर जादा व्याजाच्या या हिशेबाने ते भरून यायला ५० वर्षे लागतील. जळगावच्या भाईचंद हिराचंद रायसोनी या मल्टिस्टेट पतसंस्थेत आणि बीडच्या ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये ठेवी अडकलेल्यांपैकी अनेकांनी निवृत्तीची, लग्नासाठी जमवलेली आणि जमीन विकून आलेली रक्कम अशाच जादा व्याजासाठी ठेवली होती. पतसंस्था बुडाली तर ठेवीदारांसाठी मार्ग उरतात ते गुन्हा नोंदवणे, १९९९च्या ठेवीदार हितसंरक्षण कायद्याखाली मालमत्ता जप्त होण्याची वाट पाहणे आणि अवसायकाकडे दावा करणे. हे मार्ग आहेत, पण त्यांना ९० दिवसांची मुदत नाही.

मग कोणी काय करावे?

पगारदार आणि पेन्शनर यांनी रोजचे खाते विमा असलेल्या बँकेतच ठेवावे. सहकारी बँकेची शाखा घराजवळ असेल, कर्मचारी मदत करणारे असतील आणि बँक सुस्थितीत असेल, तर ते खाते तिथे ठेवायला हरकत नाही. मात्र त्यासोबत एक दुसरे खाते वेगळ्या बँकेत किंवा टपाल कार्यालयात असावे आणि त्यात दोन महिन्यांचा घरखर्च असावा. टपाल खात्याच्या बचत खात्यावर ४ टक्के व्याज आहे, किमान शिल्लक ५०० रुपये आहे आणि ठेवीला केंद्र सरकारची हमी असल्याने पाच लाखांची मर्यादाही तिथे नाही.

छोट्या दुकानदाराला पिग्मी आणि कर्जासाठी पतसंस्था लागणारच. त्याने पतसंस्था सोडावी असे कोणी म्हणू नये. फक्त पिग्मीची मुदत पूर्ण झाली की रक्कम तिथेच मुदत ठेवीत न वळवता बँकेत न्यावी. घेतलेल्या कर्जापेक्षा फार मोठी ठेव पतसंस्थेत ठेवू नये. गल्ल्याचे आणि क्यूआर कोडचे पैसे बँकेतच यावेत.

किमान शिलकीची भीती वाटणाऱ्यांसाठी बँकांत मूलभूत बचत खाते असते. त्यात किमान शिलकीची अट नसते. स्टेट बँकेने तर २०२०मध्येच सर्व बचत खात्यांवरील ही अट काढून टाकली. शाखेत या खात्याबद्दल स्वतःहून कोणी सांगत नाही, ते मागून घ्यावे लागते.

ज्यांच्याकडे पाच लाखांहून अधिक रक्कम आहे, त्यांनी ती एका सहकारी बँकेत न ठेवता वेगवेगळ्या बँकांत विभागावी. एकाच बँकेच्या दोन शाखांत विभागून उपयोग नाही.

खाते उघडण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली गोष्ट म्हणजे विमा. विमा असलेल्या बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे. सप्टेंबर २०२३पासून बँकांनी आपल्या संकेतस्थळावर डीआयसीजीसीचे बोधचिन्ह आणि क्यूआर कोड दाखवणे अपेक्षित आहे. मोबाइलने तो स्कॅन केला की विम्याची माहिती उघडते. यादीत नाव नसेल तर संस्था कितीही जुनी आणि संचालक कितीही ओळखीचे असले तरी तिला बँक समजू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे बँकेची तब्येत. सहकारी बँकेचा वार्षिक अहवाल सभासदांना मिळतो आणि अनेक बँका तो संकेतस्थळावरही टाकतात. त्यात तीन आकडे पाहावेत. निव्वळ थकीत कर्जे, म्हणजे नेट एनपीए, ३ टक्क्यांच्या आत आहेत का? भांडवल पर्याप्तता लहान बँकांसाठी ९ आणि मोठ्यांसाठी १२ टक्के या किमान अटीच्या वर आहे का? आणि गेल्या चार वर्षांपैकी किमान तीन वर्षे, विशेषतः शेवटच्या वर्षी, बँक नफ्यात होती का? रिझर्व्ह बँक सहकारी बँकेला 'आर्थिकदृष्ट्या सक्षम' ठरवताना याच गोष्टी पाहत आली आहे.

तिसरी गोष्ट पतसंस्थेच्या सभासदांसाठी. लेखापरीक्षणात संस्थेला 'अ' ते 'ड' असा वर्ग मिळतो. तो विचारावा. ३० सप्टेंबरपर्यंत होणाऱ्या वार्षिक सभेला जावे आणि थकबाकी किती, संचालकांना व त्यांच्या नातेवाइकांना कर्ज किती, हे दोन प्रश्न विचारावेत. सभासदाला हा अधिकार आहे. सभेला जेवणाच्या पंगतीपुरते जाणाऱ्यांनी तो वापरला, तर अनेक संस्थांचे दुखणे आधीच कळेल. भोवतालच्या सगळ्या संस्थांपेक्षा एखादी संस्था बरेच जास्त व्याज देत असेल, तर त्याचा अर्थ तिला पैशांची निकड आहे असा घ्यावा.

चौथी गोष्ट म्हणजे तक्रार कुठे करायची. बँकेने तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. फार लहान सहकारी बँका या योजनेत येत नाहीत, हे लक्षात ठेवावे. पतसंस्थेची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे जाते.

आधीच सगळे पैसे पतसंस्थेत असतील तर?

घाबरून सगळे एका दिवशी काढायला धावू नये. चांगली चालणारी संस्थाही अफवेमुळे अडचणीत येऊ शकते, कारण तिचा पैसा कर्जात गुंतलेला असतो. ठेवींच्या मुदती जशा संपतील, तशी रक्कम बँकेत वळवत जावे. नामनिर्देशन केलेले आहे का, ठेवपावतीवर संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि सह्या आहेत का, पिग्मीच्या नोंदी पासबुकात आणि संगणकात जुळतात का, हे याच आठवड्यात पाहून घ्यावे. पिग्मीवाल्याच्या वहीतली नोंद आणि संस्थेतली नोंद यांत तफावत असेल, तर ती लेखी कळवून पोच घ्यावी.

जबाबदारी फक्त ठेवीदाराची का?

नाही. दुधाच्या पिशवीवर ती कधीपर्यंत वापरायची हे छापणे बंधनकारक आहे, मग पतसंस्थेच्या ठेवपावतीवर 'या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा नाही' ही एक ओळ मराठीत, ठळक अक्षरांत का नसावी? ती छापायला कोट्यवधींचा निधी लागत नाही. ज्या संस्था प्रामाणिकपणे चालतात, त्यांना या ओळीची भीती वाटायचे कारण नाही. उलट कर्जवाटपाच्या शिस्तीवर त्या सभासदांचा विश्वास मिळवू शकतील.

पुढचे पाऊल अर्थातच पतसंस्थांतल्या छोट्या ठेवींना संरक्षण देण्याचे. क्रेडिट युनियनच्या सभासदाला बँकेच्या ग्राहकाइतकेच संरक्षण देणे शक्य आहे, हे अमेरिकेने दाखवले आहे. त्यासाठी तपासणी कडक असावी लागते आणि विम्याचा हप्ता संस्थांनी भरावा लागतो. हे दोन्ही टाळून फक्त 'सहकार वाचवा' म्हणत राहिल्याने सहकार वाचत नाही आणि ठेवीदारही वाचत नाही.

तोवर निर्णय ग्राहकाच्या हातात आहे. कर्ज आणि पिग्मीसाठी पतसंस्था, सोयीसाठी जवळची सहकारी बँक आणि आधारासाठी दुसऱ्या बँकेतले किंवा टपालातले खाते, अशी विभागणी बहुतेक घरांना परवडणारी आहे. उद्या सकाळी लागणारा पैसा मात्र विम्याच्या छताखालीच असला पाहिजे. पुढच्या वेळी काउंटरवर व्याजदर विचारण्याआधी 'इथल्या ठेवीला डीआयसीजीसीचा विमा आहे का?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर तोंडी न घेता मोबाइलवर तपासून घ्यावे.